द्राक्षवेलीतले दोन खोडकिडे: बाभळीवरचा सेलोस्टर्ना आणि सुक्या लाकडातला स्ट्रोमॅशियम

प्रश्न थोडक्यात असा. निफाड तालुक्यात डॉगरिज या रानटी खुंटावर कलम केलेली, थॉम्पसन जातीच्या द्राक्षाची नऊ वर्षांची बाग आहे. काही वेलींची पानं शिरांमधून पिवळी पडून कडा करपल्या. त्यातल्या तिघींच्या बुडाशी भुसा दिसला. दुसऱ्या चार वेली मात्र भुशाचा कण न दाखवता ओलांड्यासकट, म्हणजे तारेवर आडव्या वळवलेल्या जुन्या हातासकट, वाळल्या. जूनच्या पहिल्या पावसानंतर दोन भुंगेरे हाती लागले: एक मोठा, राखट पिवळसर, बांधावरच्या बाभळीवर, दुसरा तपकिरी, ओट्यावरच्या दिव्याखाली. हे एकाच किडीचे नर-मादी आहेत का, आणि दोन्हींवर एकच औषध चालेल का?

दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच, नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोतला मोठा राखट भुंगेरा म्हणजे सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर आणि दिव्याखालचा तपकिरी म्हणजे स्ट्रोमॅशियम बार्बेटम. दोघेही लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या घराण्यातले, दोघेही मूळचे जंगलातले, आणि बागेत आपण दोघांनाही 'खोडकिडा' याच नावानं ओळखतो. घोळ तिथून सुरू होतो. सेलोस्टर्नाची अळी जिवंत, ओल्या लाकडात जगते आणि भुसा बाहेर ढकलते. स्ट्रोमॅशियमची अळी मेलेल्या, सुकत चाललेल्या लाकडावर पोसते आणि भुसा बोगद्यातच ठासून भरते. हा एक फरक पक्का धरला की कुठं शोधायचं, कधी शोधायचं, तार घालायची की करवत चालवायची, हे सगळं त्यातूनच ठरतं.

आधी भुंगेरे नीट ओळखू. दोन्ही पांढऱ्या ताटलीत शेजारी ठेवा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. नुसत्या रंगावर जाऊ नका. पावसात भिजलेला, जुना झालेला सेलोस्टर्ना बराच काळवंडतो. बाजूनं पाहा. सेलोस्टर्नाचं कपाळ भिंतीसारखं सरळ खाली उतरतं आणि तोंड जमिनीकडे असतं. स्ट्रोमॅशियमचं डोकं पुढं झुकलेलं असतं, तोंड समोर येतं. मग मानेमागचा भाग, म्हणजे छातीची ढाल बघा. सेलोस्टर्नाला दोन्ही बाजूंना एकेक टोकदार काटा असतो, बोट फिरवलं तर टोचतो. स्ट्रोमॅशियमची ढाल गोलसर, बिनकाट्याची. पंखांच्या कवचाचा खांद्याकडचा भाग सेलोस्टर्नामध्ये दाणेदार, खरखरीत असतो, आणि पिवळट राखी लवेवर काळपट ठिपके विखुरलेले असतात. स्ट्रोमॅशियम एकसारखा तांबूस ते गडद तपकिरी, त्यावर बारीक फिकट लव. तोंडाजवळच्या लहान मिशांचं शेवटचं पेर सेलोस्टर्नामध्ये अणकुचीदार असतं, स्ट्रोमॅशियममध्ये बोथट. आकारानं सेलोस्टर्ना मोठा, साधारण अडीच ते चार सेंटिमीटर. स्ट्रोमॅशियम बहुधा दीड ते तीन. मधल्या आकारात दोघांची गल्लत होते, म्हणून काटा आणि कपाळ पाहणं हेच खात्रीचं.

नर-मादीची शंका येणं साहजिक आहे, कारण दोन्ही जातींत नराच्या मिशा मादीपेक्षा लांब, अंगापेक्षाही लांब असतात. पण ते जोडपं ओळखायचं ते एकाच जातीच्या आत. स्ट्रोमॅशियमच्या नराला छातीच्या ढालीच्या दोन्ही बाजूंना खोलगट, दाट लवेचा पट्टा असतो, मादीला नसतो. हातात धरल्यावर 'चीं-चीं' आवाज केला म्हणून अमुकच जात, असंही धरू नका. या घराण्यातले बरेच भुंगेरे छातीचे भाग एकमेकांवर घासून तसा आवाज काढतात. आणि ढालीवर दोन नारिंगी डाग असलेला, पाच-सहा सेंटिमीटरपर्यंतचा भुंगेरा सापडला तर तो या दोघांपैकी नाही. तो आंब्या-उंबराचा बॅटोसेरा.

अळी सापडली तर काम आणखी सोपं. दोन्ही अळ्या पांढुरक्या, मांसल, वळ्यांच्या आणि पुढून रुंद. सेलोस्टर्नाच्या अळीला पाय अजिबात नसतात. स्ट्रोमॅशियमच्या अळीला छातीखाली तीन जोड्या इवलेसे पाय असतात, पण ते भिंगाशिवाय दिसत नाहीत.

तरी शेतात पहिला पुरावा भुसाच. भुंगेरा वर्षातून काही आठवडे दिसतो, भुसा बारा महिने बोलतो. सेलोस्टर्नाचा भुसा धाग्यासारखा, जाडसर, ताजा असेल तेव्हा ओलसर आणि फिकट. खोडाच्या बुडाशी किंवा ओलांड्याखाली मातीवर त्याची ढेरी पडते. अळी बोगदा पुढं नेते तशी खोडाला ठराविक अंतरावर छिद्रं पाडून भुसा बाहेर टाकते, म्हणून एकाच अळीची चार-पाच छिद्रं असू शकतात. चार छिद्रं म्हणजे चार अळ्या नव्हेत. स्ट्रोमॅशियमचा भुसा बारीक पिठासारखा, पण तो बाहेर येतच नाही. वाळलेला ओलांडा चिरला की बोगदा खडूच्या कांडीसारखा गच्च भरलेला दिसतो, आणि चाकूच्या टोकानं उकरला तर पीठ गळायला लागतं. बाहेर एकच खूण उरते: भुंगेरा उडून गेल्यानंतरचं लंबगोल भोक, पेन्सिल शिरेल एवढं. भोक दिसलं म्हणजे तो भुंगेरा गेलेला आहे. त्या भोकात औषध सोडणं म्हणजे रिकाम्या घराला कुलूप.

तुमच्या चार वेली भुशाविना का वाळल्या, त्याचं उत्तर बहुतेक इथंच आहे. पण खात्रीसाठी त्यातली एक वेल बुडापासून कापा आणि खोड उभं चिरा. गच्च भरलेले बोगदे निघाले तर स्ट्रोमॅशियम. बोगदाच नसेल आणि आडव्या कापात लाकडाचा तपकिरी, पाचरीसारखा डाग दिसला तर ती बुरशीनं झालेली खोडाची मर असू शकते. तिथं किडीचं औषध मारून उपयोग नाही. टाचणीच्या डोक्याएवढी बारीक भोकं असतील तर ते वेगळेच छोटे भुंगेरे. मातीचे पाट चढलेले असतील तर वाळवी.

पानांच्या पिवळेपणाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथं पैसे आणि हंगाम दोन्ही वाया जातात. सेलोस्टर्नाची अळी खोडातून वर जाणारं पाणी-अन्न तोडते, म्हणून शिरांमधला भाग पिवळा पडतो आणि कडा करपतात. हे चित्र लोह किंवा मॅग्नेशियमच्या कमतरतेसारखं हुबेहूब दिसतं. मग फेरस, मॅग्नेशियम सल्फेटच्या फवारण्या सुरू होतात आणि अळी आत निवांत वाढते. कमतरता चुनखडीच्या पट्ट्यात, ओळीच्या ओळीत दिसते. खोडकिड्याचा पिवळेपणा एकट्या वेलीवर, बऱ्याचदा वेलीच्या एकाच हातावर असतो. शेजारच्या दोन्ही वेली हिरव्यागार आणि मधली एकच पिवळी असेल तर पंप ठेवून द्या आणि गुडघ्यावर बसून बूड पाहा.

आता हे किडे द्राक्षात आले कुठून. सेलोस्टर्ना हा बाभळीचा जुना शत्रू. कोवळ्या बाभळीच्या बुडाशी मादी जबड्यानं साल चिरते, तिथं एकेक अंडं घालते, आणि अळी खोड पोखरत मुळात उतरते. भुंगेरे कोवळ्या फांद्यांची साल कुरतडून खातात. नीलगिरी, सुरू अशा झाडांवरही तो आहे. गोदाकाठच्या बाभळी, बांधावरचं नीलगिरीचं झाड आणि लगेच पलीकडे द्राक्षाची ओळ, अशी आपली निफाड-येवल्याकडची रचना. त्याला लांब उडायचीही गरज नाही.

स्ट्रोमॅशियमची गोष्ट निराळी. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत वनकीटकशास्त्रज्ञ बीसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या नोंदींनुसार तो तीनशेहून अधिक झाडांच्या लाकडात आढळतो. त्याला झाडाची जात महत्त्वाची नाही, लाकडाचा सुकेपणा महत्त्वाचा. पेठ-सुरगाण्याकडच्या सागाच्या ओंडक्याचा बाहेरचा पांढरा भाग, घराचं जुनं आढं, दाराची चौकट, सरपणाची मोळी, सगळं त्याला चालतं. गाभ्याच्या लाकडाला तो सहसा लागत नाही. सुक्या लाकडात पोषण कमी, त्यामुळं तिथं अळीची वाढ रखडते. फर्निचरमध्ये ती वर्षानुवर्षं राहते आणि कपाट घेतल्यावर कितीतरी वर्षांनी भुंगेरा बाहेर पडतो. जुन्या द्राक्षवेलीत त्याला हवं ते आयतंच मिळतं: दरवर्षीच्या दोन छाटण्यांच्या जखमा, त्यामागचं मेलेलं लाकूड, आणि सुटलेल्या सालीच्या फटी. मादी साल चिरत नाही, फटीत अंडी सोडते. म्हणून सालीची स्वच्छता हा स्ट्रोमॅशियमवरचा अर्धा उपाय आहे आणि सेलोस्टर्नावर तिचा उपयोग तुलनेनं कमी.

सेलोस्टर्नाच्या तीन वेली हातात आहेत, त्या वाचवता येतील. संध्याकाळी बुडाजवळचा सगळा भुसा झाडूनं साफ करा आणि प्रत्येक छिद्राशेजारी खडूची खूण करा. दोन-तीन दिवसांनी परत पाहा. जिथं ताजा, ओलसर भुसा आला तेच चालू छिद्र, बाकीची जुनी. हे न करता सरसकट भोकांत औषध सोडणं ही सगळ्यात नेहमीची चूक. चालू छिद्र चाकूच्या टोकानं थोडं मोकळं करा. सायकलच्या ब्रेकची जुनी तार घ्या, टोक किंचित वाकवून आकडा करा आणि हळूहळू फिरवत आत सारा. आधी खालच्या दिशेनं, मग वरच्या, कारण अळी बऱ्याचदा मुळाकडे उतरलेली असते. तार अडते, मग मऊ काहीतरी लागतं, आणि टोक दुधट ओलं होऊन बाहेर येतं. हे दिसलं म्हणजे अळी मेली. नुसता ओला भुसा आला तर अजून नाही. तार जोरात दामटू नका. वेलीचं खोड बाभळीएवढं जाड नसतं, पलीकडची साल फाटते.

तार पोहोचली नाही तर औषधाची पाळी. खालची सगळी छिद्रं ओल्या चिकणमातीनं बंद करा, सगळ्यात वरचं एक उघडं ठेवा आणि तिथून बिनसुईच्या सिरिंजनं पाच-दहा मिली द्रावण हळूहळू सोडा. खालची छिद्रं उघडी राहिली तर द्रावण अळीपर्यंत न पोहोचता जमिनीवर गळतं. 'औषध चालत नाही' या तक्रारीमागं बहुतेक वेळा एवढंच कारण असतं. शेवटी वरचंही छिद्र लिंपा. आठ दिवसांनी पाहा. माती फोडून नवा भुसा आला असेल तर पुन्हा तेच करा. पेट्रोल किंवा रॉकेल ओतू नका. अळी मरेल, पण सालीखालचा जिवंत थरही मरतो आणि त्या जखमेत पुढं स्ट्रोमॅशियमला घर तयार होतं. विषारी वायूच्या गोळ्या भोकात कोंबण्याचा प्रकार तर अजिबात नको. तो वायू माणसाला मारतो आणि त्या गोळ्या सर्वसाधारण वापरासाठी नाहीतच. जुन्या पुस्तिकांत डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाची शिफारस सापडेल. त्यावर देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, कपाटात उरलेली बाटलीही वापरू नका.

स्ट्रोमॅशियममध्ये सिरिंजला कामच नाही, बोगदा गच्च भरलेला असतो, द्रावण पुढं सरकत नाही. इथं करवत लागते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ओलांडा टोकापासून खोडाकडे ठोकत या. पोकळ, बद्द आवाज येतो तो भाग पोखरलेला. तिथून कापायला सुरुवात करा आणि प्रत्येक काप पाहा. लाकूड पांढरं, घट्ट आणि बोगदा नसलेलं दिसेपर्यंत मागं या, मग आणखी बोटभर. 'एवढा ओलांडा जाईल' म्हणून मध्येच थांबलात तर अळी उरलेल्या भागात राहते आणि पुढच्या जूनपर्यंत खोडात उतरते. कापलेल्या जागेवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी बादली वापरू नका.

खोडच गेलं असेल तर खालून नवी फूट घेऊन वेल उभी करता येते, पण ती फूट कलमाच्या जोडाच्या वरची असली पाहिजे. जोडाखालून आलेली जोमदार फूट डॉगरिजची असते. ती तारेवर चढवली तर दोन वर्षांनी मंडपावर रानवेल मिळते, द्राक्ष मिळत नाही. जोडाच्या वर काही जिवंत नसेल तर वेल बदला.

वर्षभराच्या कामात याला जागा द्यायची तर खरड छाटणीनंतरचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतरचा काळ सगळ्यात मोलाचा. एप्रिलमध्ये छाटणी झाली की खोडा-ओलांड्यांवरची सुटलेली साल हातानं किंवा जाड गोणपाटानं घासून काढा. लोखंडी ब्रशनं हिरव्या थरापर्यंत खरवडू नका. साल जमिनीवर न टाकता प्लास्टिकच्या कागदावर गोळा करून जाळा. त्यानंतर खोड धुवायचं असेल तर एका वेलीला दीड-दोन लिटर द्रावण लागतं, कारण फटी भिजायला हव्यात. वेलीच्या पानांच्या छत्रीवर फवारतो तसं धुकं उडवून काही होत नाही. कोणतं औषध, किती प्रमाणात, काढणीआधी किती दिवस, हे मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या त्या हंगामाच्या शिफारस यादीत पाहा. यादी बदलत राहते आणि निर्यातीचा माल असेल तर मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबणं महागात पडतं. गोड्या छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, घड आल्यावर खोडात रसायन टाळा, त्या काळात तार आणि चिकणमाती एवढंच. मेटाऱ्हायझियमसारखी किडींना मारणारी बुरशी वापरायची तर पावसाळ्यात, हवेत ओल असताना, संध्याकाळी, आणि ताम्रयुक्त औषधांपासून अंतर ठेवून. एप्रिल-मेच्या उन्हात ती सालीवर टिकत नाही.

मेअखेरपासून ऑगस्टपर्यंत प्रकाश सापळा लावा. स्ट्रोमॅशियम रात्री उडतो आणि दिव्यावर येतो, तुमच्या ओट्यावर आला तसाच. एकरी एक दिवा, खाली रुंद टोपलं, त्यात पाणी आणि थोडा साबण. अंधार पडल्यापासून तीन तास पुरे. रात्रभर चालू ठेवला तर कामाचे कीटकही मरतात. सापळा बागेच्या मधोमध नको, कडेला हवा, नाहीतर बाहेरचे भुंगेरे आपणच आत बोलावतो. रोज सकाळी मोजून लिहून ठेवा. ज्या आठवड्यात आकडा चढतो त्याच आठवड्यात खोड धुणं सर्वांत उपयोगी पडतं. सेलोस्टर्नासाठी मात्र दिव्यावर भरवसा ठेवू नका. पहिल्या सरींनंतर कोवळ्या काड्यांची साल कुरतडलेली दिसली की जवळपास भुंगेरा असतो. सकाळी थंडाव्यात सुस्त असतो तेव्हा हातानं वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका.

बांधावरची बाभूळ तोडावी का? माझं मत, तोडू नये. जुन्या मोठ्या बाभळीपेक्षा बुडाशी वाढलेली कोवळी रोपं आणि खुंटांची फूट सेलोस्टर्नाला जास्त आवडते. तीच पावसाआधी काढा, आणि जूनपासून बुडाशी भुसा दिसतो का ते बघत राहा.

खरा धोका बांधावर रचलेल्या जुन्या बागेच्या खोडांचा आहे. बाग मोडली की ही खोडं सरपण म्हणून ढीग करून ठेवायची सवय आहे. सेलोस्टर्नाची लहान अळी लाकूड वाळलं की सहसा मरते, तिला ओल हवी. स्ट्रोमॅशियमला उलट हा ढीग म्हणजे पर्वणीच. छाटलेला, रोगट, पोखरलेला प्रत्येक तुकडा मे संपायच्या आत जाळून संपवा. सरपण ठेवायचंच असेल तर बागेपासून दूर, बंद खोलीत, आणि पहिल्या पावसाआधी वापरून टाका.

शेवटी ते दोन भुंगेरे आणि चिरलेल्या खोडातली अळी टाकून देऊ नका. अळी आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा म्हणजे काळी पडत नाही, मग सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवा. भुंगेरे कोरड्या डबीत कापसावर चालतील. तारीख, गाव, कोणत्या झाडावर आणि खोडाच्या कोणत्या भागात सापडले, हे पेन्सिलनं चिठ्ठीवर लिहून आत टाका. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात जाताना सोबत पोखरलेल्या लाकडाचा वीतभर तुकडाही न्या, बोगदा भुशासकट.